बोंट्यांच्या डोळ्यांवरची ओढणी

बायकोच्या पेटीला नवऱ्यानं न विचारता हात लावू नये, एवढी साधी रीत माझ्या नवऱ्याला जन्मभर कळली नाही. दुकानात कोणी गोरी बाई आली की हा माणूस गल्ल्यामागून उठून उभा राहायचा, ती उधारीवर साखर न्यायला आलेली असली तरी. रस्त्यात कोणाचं कुत्रं आडवं आलं तर त्यालाही वाट द्यायचा. आणि घरात येऊन माझी पेटी उघडायचा.

त्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत गेले तर पेटीचं झाकण उघडं. वरचे कपडे खाटेवर काढून ठेवलेले, एकाचीही घडी मोडलेली नव्हती. चोर असं ठेवत नाही. मी तळाशी हात घातला. माझी लग्नातली ओढणी नव्हती.

"साना!" मी ओरडले.

साना आमच्याकडे धुणंभांडी करायची. बाई तिथलीच, चार पिढ्या त्या गावात काढलेली, आणि जीभ माझ्याइतकीच लांब. म्हणूनच आमचं जमायचं.

"तुमचे मालक घेऊन गेले," ती भांडी घासता घासता म्हणाली. "काहीतरी जांभळं होतं काखेत. हरणांकडे गेले."

"हरणांकडे? का, लग्न आहे हरणांचं?"

"ते मला काय माहीत? माझा पीट पण तिकडंच आहे. सगळा गाव तिकडं आहे."

मी डोक्याला रुमाल बांधला, दुकानाला कुलूप घातलं आणि निघाले. सानाही ओल्या हातांनी मागून आली. तमाशा चुकवायचा नाही, हा तिचा धर्म.

हे सगळं आफ्रिकेच्या पार दक्षिणेच्या टोकाला, केपच्या मुलखात घडलं. आमच्या वाशिष्ठीच्या खाडीकाठची कितीतरी घरं तिकडं दुकानदारीला गेली होती. बहुतेक केप टाऊनमध्ये राहिली. माझ्या नवऱ्याला गर्दी सोसत नाही, म्हणून तो मला घेऊन अशा एका खेड्यात जाऊन बसला, जिथं गव्हाची शेतं, मेंढरं आणि वारा. दुकान आमचं एकच. मागं दोन खोल्या आणि एक लोखंडी चूल, मोठी, बिडाची, चार तोंडांची. हसन माझा तिथंच जन्मला आणि शाळेसाठी केप टाऊनला मामाकडे गेला. मी तिथल्या वाऱ्याला शिव्या देत देत तिथलीच होऊन गेले होते.

गावाबाहेर सरकारनं कुंपण घालून एक रान राखलं होतं. त्यात बोंटेबॉक नावाची हरणं. गावचे लोक नुसतं बोंटा म्हणत. वासराएवढं जनावर. अंग गर्द तपकिरी, उन्हात पाठीवर जांभळी झाक मारणारं. कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, जसा कोणी चुन्याचा हात फिरवावा, आणि पायांत पांढरे मोजे. नर असो की मादी, दोघांना शिंगं. केपचा तेवढा पट्टा सोडला तर जगात दुसरीकडे कुठंच नाही. गोऱ्यांनी येऊन इतकी मारली, इतकी मारली, की शेवटी एका गोठ्यात मावतील एवढीच उरली. मग त्यांच्यातल्याच दोनचार शेतकऱ्यांना जाग आली. त्यांनी आपल्या जमिनीत कुंपणं घातली आणि उरलेली आत ठेवली. साधी तार. आमच्याकडची शेळी त्या तारेकडे बघून हसली असती. पण बोंट्याला कुंपणावरून उडी मारायचं सुचतच नाही. फार तर खालून सरपटेल. त्या एका अडाणीपणानं त्याची जात वाचली.

माझ्या नवऱ्याला, दाऊदला, त्यांचं भारी वेड. रानात माल पोचवायला जायचा तो तासतास परत यायचा नाही. दुपारच्या उन्हात ती सगळी सूर्याकडे तोंड करून, माना खाली घालून ओळीनं उभी राहत. एकदा मलाही दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, "बघ हुरमत, जमात उभी आहे नमाजाला."

"आणि इमाम कुठला?" मी विचारलं. "तो पुढचा? तुमच्यासारखाच आहे. मान वर करायचं नाव नाही."

तो हसला. माझ्या बोलण्यावर तो नेहमी हसायचाच. त्यानं माझा जळफळाट वाढायचा.

तर त्या रानात अलीकडे बोंटे मरायला लागले होते. गवतात कस नव्हता, पोटात जंत झाले, पाडसं जगत नव्हती. रानाचा साहेब हेनिंग म्हणून होता, उन्हानं भाजून लालबुंद झालेला, बोलायला बरा. त्यानं वरच्यांना सांगून ठरवलं की सगळा कळप उचलायचा आणि डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठच्या नव्या रानात नेऊन सोडायचा. तिथं गवत चांगलं, पाणी बारमाही. नाहीतर जात संपली म्हणून समजा. गावात आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं.

मी पोचले तेव्हा फळ्यांचा एक मोठा कोंडवाडा उभा केलेला होता. घोड्यांवरची माणसं बोंट्यांना हाकत आत आणत होती. आत आलं की दोघं शिंगं धरत, एक मागून कवळ घालत, आणि पेटीत घालून लॉरीवर चढवत. कडेला गवतावर गोणपाट टाकलेले काही मोठे ढीग होते. ते काय आहे ते मला लगेच कळलं. गोणपाटाखालून पांढरे पाय दिसत होते.

आणि मधोमध माझा नवरा. बाह्या वर केलेल्या, गुडघे धुळीत. त्याच्या पुढ्यात एक मादी, आणि तिच्या डोळ्यांवर बांधलेली माझी ओढणी. अख्खी नव्हे, कापून काढलेली एक पट्टी. बाकीच्या पट्ट्या बाजूच्या फळीवर टांगलेल्या. जरीचा काठ एकीकडं, अस्तर एकीकडं लोंबत होतं.

ती ओढणी म्हणजे दुकानातून घेतलेला कपडा नव्हता. गर्द जांभळं रेशीम, दोन माणसं पांघरतील एवढी मोठी. माझ्या आईनं तिला आतून काळं सुती अस्तर लावलं होतं, लेकीच्या तोंडावर परक्याची नजर पडू नये म्हणून. नजर आत आली नाही हे खरं. पण आतून बाहेरही काही दिसत नव्हतं. निकाह झाला, ती माझ्या तोंडावर ओढली आणि बायकांनी मला धरून खाडीवर आणलं. पडावात चढताना पायाखाली फळी आहे की पाणी, मला कळेना. नाखवाची लेक मी, पडावात रांगत वाढलेली, आणि त्या दिवशी फळी चुकले. पाय घोट्यापर्यंत पाण्यात. कोणीतरी हात धरून वर ओढलं म्हणून निभावलं. भावानं धरला असेल. सासरच्या बायका वर्षभर हसत होत्या.

मी कोंडवाड्याच्या फळीला धरून उभी राहिले आणि आमच्या भाषेत सुरू केलं. "हसनचे अब्बा! लाज विकून खाल्लीत का? माझ्या आईच्या हातचे टाके आहेत त्यात! तुमच्या आईच्या लुगड्याला कात्री लावली असती तर चाललं असतं का? बोला की! हरणांसमोर तरी तोंड उघडा!"

हेनिंगनं टोपी काढली. "मिसेस मुकादम काय म्हणतायत?" त्यानं नवऱ्याला विचारलं.

"विचारतेय," नवरा म्हणाला, "आणखी कापड लागेल का."

सानानं तोंडावर हात ठेवला. ती आमची भाषा समजत नव्हती, पण माझा सूर तिला पाठ होता.

"त्यांचे फार उपकार झाले," हेनिंग म्हणाला. त्याचे डोळे तांबारले होते. "काल जी मेली ती भीतीनं मेली. माणूस दिसला, फळी दिसली, की डोकं आपटून मान मोडून घ्यायची. गोणपाट बांधलं तर त्याचा भुसा डोळ्यात जायचा. तुमच्या दुकानातलं मांजरपाट बांधलं तर त्यातून उजेड दिसायचा आणि आणखी बिथरायची. आज सकाळपासून हे कापड आहे. एकही गेलं नाही."

मी काही बोलायच्या आत दुसरी मादी आत आली. दोघांनी शिंगं धरली. तिसरा माणूस कमी होता. पीट, सानाचा नवरा, लॉरीवर होता.

"हुरमत, पट्टी बांध," नवरा म्हणाला.

"मी?"

"तूच. लवकर."

त्याच्या आवाजात विनंती नव्हती. ते इतकं नवीन होतं की मी फळीवरची पट्टी घेऊन आत गेले. जनावर थरथरत होतं, नाकातून फुत्कारत होतं, डोळ्याची पांढरी कड दिसत होती. पट्टी शिंगांच्या मागून घेऊन मी गाठ मारली. काळी बाजू आत. हात लावून बघितलं, मानेखाली ठोका असा पडत होता की माझा हात हलत होता. आणि मग, सांगते, हळूहळू तो ठोका मंदावला. मान खाली आली. तिनं नाक माझ्या कोपराला टेकवलं आणि तशीच उभी राहिली, जणू तिला कोणी धरलेलंच नाही.

"बघ," नवरा म्हणाला. "दिसलं नाही की भीत नाही."

"हरीण आहे म्हणून," मी म्हणाले. पण हात मी काढला नाही.

दुपारपर्यंत मी तिथंच होते. घरी जाते घरी जाते म्हणत आणखी कितींच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली कोण जाणे. आज ती जात हजारांवर गेलीय म्हणतात. लोक परदेशातून येतात, गाडीच्या काचेआडून फोटो काढतात. नातवंडं म्हणतात, दादी, त्यातली अर्धी तुझी. मी म्हणते, अर्धी कशाला, ओढणी अख्खी गेली होती.

शेवटची लॉरी भरली तेव्हा नवरा माझ्याजवळ आला. "मी यांच्याबरोबर जातो. वाटेत डोकी धरायला माणूस हवाय. उद्या संध्याकाळी येईन."

"उद्या शनिवार आहे. दुकानाची गर्दी."

"तू बघ."

"तिथं हेनिंगची माणसं नाहीत का?"

"आहेत. तरी जातो."

असं कधी झालं नव्हतं. शनिवारी हा माणूस ताप असला तरी गल्ल्यावर बसायचा. मला वाटलं, हरणांचं खूळ आता डोक्यात गेलं. तो लॉरीत मागं, पेट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला. मला हात दाखवला. मी दाखवला नाही.

घरी आल्यावर सानानं चहा केला. दोघी मागच्या दारात बसलो, पाय पसरून. ती बराच वेळ चुलीकडे बघत होती.

"मडम," ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नका."

"तू विचारणार आणि मी रागावणार नाही, असं कधी झालंय?"

"तुम्ही गेल्यावर ही चूल मला द्याल?"

मी हसले. "कुठं जातेय मी? हिंदुस्थानात? हसनचं लग्न ठरेपर्यंत तिकडं पाय ठेवत नाही."

साना माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं चहाची कपबशी खाली ठेवली, फार हळू.

"मालकांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"काय?"

ती उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

"सरकारचा माणूस आला होता," ती म्हणाली. "गव्हाच्या कापणीच्या आधी. म्हणाला, हे गाव आता फक्त गोऱ्यांचं. तुम्ही पण जायचं, नदीपलीकडच्या आमच्या घरांनी पण जायचं. मालक पीटला म्हणाले, तुझी बायको बडबडी आहे, माझ्या घरात बोलायला देऊ नकोस. मला वाटलं, आता तरी सांगितलं असेल. बेकरीवाल्या बाईनं तर तुमच्या दुकानाची जागा मागून पण ठेवलीय."

कापणीच्या आधी. म्हणजे मी वाटाण्याच्या शेंगा लावल्या तेव्हा माझा नवरा माझ्यामागे उभा होता, पाणी घालत, आणि त्याला माहीत होतं की त्या शेंगा मी खाणार नाही. मी न्हाणीच्या भिंतीला चुना दिला तेव्हा त्यानं बादली धरली होती.

"चूल तुझी," मी सानाला म्हणाले. "पण तुलाही जायचंय ना? नेणार कशी?"

"डोक्यावर," ती म्हणाली. आणि मग आम्ही दोघी हसलो, का ते माहीत नाही. हसता हसता तिनं डोळे पुसले. मी नाही पुसले. मला राग आला की डोळे कोरडे होतात.

शनिवारी मी दुकान उघडलं. बेकरीवाली बाई आली. दरवेळी काउंटरपाशी थांबायची, त्या दिवशी आत येऊन खिडक्यांची मापं डोळ्यांनी घेत होती.

"पडदे बसतील का बघताय?" मी तिला विचारलं, तिच्या भाषेत, हसून. "वारा फार येतो इथं. जाड लावा."

ती लाल झाली आणि मेणबत्त्या न घेताच गेली.

दाऊद दिवेलागणीच्या आधी आला. अंगाला हरणांचा वास, दाढी वाढलेली, पण तोंडावर असं समाधान की मला बघवेना. हातात एक बोचकं होतं. माझ्या ओढणीच्या पट्ट्या, नदीत धुऊन, वाळवून, घड्या घालून आणल्या होत्या.

मी पाणी दिलं. ताट वाढलं. मच्छीचं सालन आणि भात. तो खाता खाता सांगत होता.

"एक वाटेत गेलं. म्हातारं होतं. बाकी सगळी उतरली. पेटी उघडली, पट्टी सोडली, तर आधी उभीच राहिली. मला वाटलं, पाय गेले. मग एकीनं मान खाली घातली आणि चरायलाच लागली, हुरमत. लॉरीच्या चाकाजवळ. जशी तिथंच जन्मली होती. हेनिंग रडला. एवढा मोठा गोरा, टोपी तोंडावर धरून रडला."

"गवत चांगलं आहे?"

"हिरवंगार."

"पाणी?"

"नदी आहे."

"आणि नव्या दुकानाला दारं किती?"

त्यानं घास ताटात परत ठेवला. वारा पत्र्यावर आपटत होता. मी त्याच्या भातावर आणखी सालन वाढलं, न विचारता.

"सानानं सांगितलं," तो म्हणाला.

"सानानं चूल मागितली. सांगायचं तुम्ही होतं."

"एकच दार आहे," तो खाली बघत म्हणाला. "त्या नव्या रानाजवळच्या गावात, मशिदीच्या मागं. एका मलायी म्हाताऱ्याची जागा आहे. गावाच्या त्या बाजूला आपल्याला राहू देतात, निदान आता तरी. मागं एकच खोली. ती बघायलाच गेलो होतो. हेनिंगच्या लॉरीत बसलो तर कोणी विचारणार नाही, कुठं चाललास म्हणून."

"म्हणजे हरणांसाठी गेला नव्हतात."

"हरणांसाठी पण गेलो."

"आणि मला कधी सांगणार होतात? सामान बांधून झाल्यावर?"

"जागा पक्की झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस. भांडायला गेली असतीस त्या सरकारी माणसाशी. तुला उचलून नेलं असतं त्यांनी. मला वाटलं, तिथं पोचलो, नवी जागा दिसली, की तू..."



"चरायला लागेन," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली नाही. बोटांनी भात कालवला. मग म्हणाला, "मी तुझं वाईट कधी चिंतलं नाही, हुरमत. मला भीती वाटत होती. माझीच. रात्रीचं गल्ल्यावर बसून नुसता दिव्याकडं बघत राहायचो. तुझ्या तोंडावर पण तीच भीती दिसली असती तर मला सोसलं नसतं."

एवढं लांब तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी बोचकं उचललं आणि पट्ट्या उलगडून बघायला लागले. आईचे टाके काही काही तुकड्यांवर अजून धरून होते. एकावर पांढरे केस चिकटलेले होते, बोंट्याच्या कपाळाचे.

"घरात एवढी कापडं होती," मी विचारलं. "दुकानात गोधड्या होत्या, घोंगड्या होत्या. मग हीच का सुचली तुम्हाला?"

"ही आरपार दिसत नाही, मला ठाऊक होतं."

"तुम्हाला कसं ठाऊक? कधी पांघरली होतीत?"

"पडावात चढताना तू फळी चुकलीस ना," तो म्हणाला. "पाय पाण्यात गेला. तेव्हाच मी म्हटलं, हिला काहीच दिसत नाहीय. म्हणून मी हात धरला."

मी त्याच्याकडे बघितलं. बावीस वर्षं मी समजत होते, तो हात माझ्या भावाचा होता. भावाला कितीदा बोलूनही दाखवलं होतं, आणि तो लबाड हो हो म्हणाला होता.

नवरा माझ्या तोंडाकडे बघत होता, दुकानात एखादी गोरी बाई साखरेचा भाव ऐकून काय म्हणते ते बघावं तसा. घाबरलेला. बाहेर वारा होता आणि मागं ती चार तोंडांची चूल निवत चालली होती. मी पट्ट्यांची घडी घातली, काळी बाजू आत, आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हसनचे अब्बा," मी म्हणाले, "हरणांना दिलीत, चांगलं केलंत. त्यांना फळी दाखवून उपयोग नव्हता. पण मी नाखवाची लेक आहे. तुम्ही हात धरलात, उपकार झाले. त्याच्या आधी ओढणी वर करायची होती. फळी माझी मला सापडली असती. आता जेवा. आणि निघायच्या दिवशी सामान मागं भरा, मी पुढं बसणार आहे, काचेजवळ."